मोठ्या संख्येचे गुणधर्म हाताने कसे काढायचे

समोर ७,३५,९२,४२४ आहे असं धरा. ही संख्या कशी आहे, विभाजक किती, पूर्ण वर्ग आहे का, हे सगळं एकाच गोष्टीतून निघतं, ती म्हणजे मूळ अवयव. ते काढल्याशिवाय बाकी काही करत बसू नका.

सोपं आधी उरकून घ्या. शेवटचे तीन अंक ४२४, त्याला ८ ने भाग जातो, म्हणून सगळ्या संख्येलाच जातो. अंकांची बेरीज ३६, म्हणजे ९ ने पण जातो. उरले १०,२२,११७.

खरी अडचण इथून सुरू होते आणि मी पण सुरुवातीला इथेच अडकायचो. ५, ७, ११, १३ करून बघतो, भाग जात नाही, मग लोक बिनधास्त सांगतात की ही मूळ संख्या असेल, शेवटी ७ आहे ना! हा सल्ला साफ चुकीचा आहे. शेवटच्या अंकावरून संख्या मूळ आहे असं कधीच ठरत नाही. ठरवायचं तर वर्गमूळापर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून बघावं लागतं, आणि इथे वर्गमूळ १०१० च्या थोडं पुढे आहे. ५ पासून ९९७ पर्यंत १६६ मूळ संख्या आहेत, त्यातल्या एकीनेही भाग जात नाही, म्हणजे "हजारपर्यंत बघितलं, बास झालं" म्हणून जो थांबला तो फसला, कारण पुढचीच १००९ आहे आणि तिने भाग जातो.

म्हणून मी भागाकार सुरू करायच्या आधी फ्रेंच गणिती फर्माची पद्धत वापरतो. वर्गमूळाच्या लगेच वरची पूर्ण संख्या घ्या, १०११. तिचा वर्ग १०,२२,१२१. त्यातून आपली संख्या वजा केली की ४ उरतात, म्हणजे २ चा वर्ग. झालं काम! १०११ − २ आणि १०११ + २, म्हणजे १००९ × १०१३, आणि या दोन्ही मूळ आहेत. वजाबाकीत पूर्ण वर्ग आला नाही तर १०१२, १०१३ असं पुढे जायचं. पण ही युक्ती दोन अवयव जवळजवळ असतील तरच पटकन चालते, आठदहा पायऱ्यांत जमलं नाही तर मुकाट्याने भागाकाराकडे वळा. खुद्द फर्माला २ च्या ३२ व्या घातात १ मिळवून येणारी संख्या मूळ वाटायची, १७३२ मध्ये गणिती ऑयलरने तिला ६४१ ने भागून दाखवलं, तेव्हा अंदाजावर कुणीच जाऊ नये.

आता २³ × ३² × १००९ × १०१३ हातात आहे. विभाजक: प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणायचं, ४ × ३ × २ × २ = ४८. पूर्ण वर्ग नाही, सगळे घातांक सम नाहीत. विभाजकांची बेरीज: प्रत्येक अवयवाच्या १ पासूनच्या घातांची बेरीज करून गुणायचं, (१ + २ + ४ + ८) × (१ + ३ + ९) × (१ + १००९) × (१ + १०१३), म्हणजे १५ × १३ × १०१० × १०१४ = १९,९७,०७,३००. त्यातून आपली ७,३५,९२,४२४ वजा केली तरी तिच्यापेक्षा जास्तच उरतं, अशा संख्येला विपुल संख्या म्हणतात.

आणि १५ अंकांपेक्षा मोठी संख्या एक्सेलमध्ये टाकू नका, पुढच्या अंकांच्या जागी शून्य येतात, पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा वापरा.