सॉनी रोलिन्स यांची मैफलीतली ध्वनिमुद्रणे: कोणती आवृत्ती घ्यावी आणि कशी ऐकावी

अमेरिकन जॅझवादक सॉनी रोलिन्स यांचे टेनर सॅक्सोफोनवादन समजून घ्यायचे असेल, तर स्टुडिओतल्या अल्बमांच्या आधी मैफलींची ध्वनिमुद्रणे ऐकावीत, असे माझे ठाम मत आहे. कारण एखादी साधी चाल हाती घेऊन ते तिला किती अंगांनी पारखतात, हे श्रोत्यांसमोरच्या वादनात खरे कळते. अडचण एवढीच की याच मैफली कधी अपुऱ्या, कधी पूर्ण, अशा पुन्हा पुन्हा प्रसिद्ध झाल्या आहेत.

सुरुवात एकाच दिवसापासून करावी. ३ नोव्हेंबर १९५७ या रविवारी न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ या तळघरातल्या क्लबात रोलिन्स यांनी दुपारी आणि रात्री वादन केले, आणि रूडी व्हॅन गेल्डर यांनी ‘ब्लू नोट’ या ध्वनिमुद्रण कंपनीसाठी ते ध्वनिमुद्रित केले. मूळ तबकडीवर फक्त सहा रचना आल्या. बाकीच्या पुढे टप्प्याटप्प्याने बाहेर आल्या, आणि २०२४ मध्ये तीन तबकड्यांचा संपूर्ण संच निघाला. नवीन श्रोत्याने संपूर्ण आवृत्तीच शोधावी.

ऐकण्यापूर्वी वेष्टनावरची साथीदारांची नावे वाचावीत. दुपारी डोनाल्ड बेली बासवर आणि पीट ला रोका ड्रमवर होते. रात्री त्यांच्या जागी विल्बर वेअर आणि एल्विन जोन्स बसले. पियानो दोन्ही वेळा नाही, त्यामुळे स्वरसंगतीची चौकट कोणी भरून देत नाही आणि रोलिन्स यांना मोकळे रान मिळते. ‘अ नाइट इन ट्युनिशिया’ दुपारचे आणि रात्रीचे असे दोन्ही लागोपाठ लावावे: पहिल्यांदा लक्ष फक्त ड्रमवर ठेवावे, दुसऱ्यांदा बासवर, आणि मगच सॅक्सोफोनवर. साथ बदलली की वादकाचे बोलणे कसे बदलते, हे समजायला याहून सोपा धडा मला माहीत नाही.

यानंतर ‘सनीमून फॉर टू’ घ्यावे. हा बारा बारांचा (बार म्हणजे इथे चार मात्रांचा गट) ब्लूज आहे. चार बारांची एक उतरती ओळ तीनदा येते आणि आवर्तन पुरे होते, म्हणजे एकूण ४८ मात्रा. ती ओळ आधी गुणगुणून पाठ करावी, मग एकल वादन सुरू झाल्यावर हातावर मात्रा मोजत तीच ओळ मनात चालू ठेवावी. आपल्याकडे तालाची आवर्तने मोजण्याची सवय असलेल्याला हे लवकर जमते. रोलिन्स त्या ओळीचा एखादा तुकडा उचलून लांबवतात, तोडतात आणि समेच्या अलीकडे-पलीकडे टाकतात, ते मग स्पष्ट ऐकू येते.

आवृत्ती निवडताना एक खबरदारी घ्यावी. ही मैफल मोनोमध्ये, म्हणजे सगळा आवाज एकाच वाहिनीत, ध्वनिमुद्रित झाली होती. जुन्या बाजारात ‘स्टिरिओ’ असे लिहिलेली प्रत दिसली, तर ती मागाहून कृत्रिमरीत्या दोन बाजूंना पसरवलेली असते. मोनोच घ्यावी.

पुढचा टप्पा १९६२ चा. १९५९ ते १९६१ रोलिन्स जाहीर कार्यक्रमांपासून दूर राहून न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर रियाझ करत होते. परतल्यावर ‘व्हिलेज गेट’ या क्लबात डॉन चेरी यांच्या कॉर्नेटसोबत (हे ट्रम्पेटसारखे वाद्य) त्यांनी जी ‘ओलिओ’ ही रचना वाजवली, ती सुमारे २५ मिनिटांची आहे. ती एका बैठकीत ऐकावी. त्यानंतर १९६७ मध्ये हॉलंडमध्ये झालेले आणि २०२० मध्ये प्रथमच प्रसिद्ध झालेले ‘रोलिन्स इन हॉलंड’ लावावे, कारण तिथेही पियानोविना त्रिकूट आहे आणि व्हॅनगार्डशी थेट तुलना करता येते. साठच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी पुन्हा विश्रांती घेतली आणि मुंबईतल्या पवईच्या आश्रमात काही महिने योग आणि ध्यानाचा अभ्यास केला.

शेवटी ‘विदाउट अ साँग’ ऐकावे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर वर्ल्ड ट्रेड सेंटरजवळचे घर रोलिन्स यांना सोडावे लागले, तेव्हा त्यांनी सॅक्सोफोन सोबत घेतला. चारच दिवसांनी, १५ सप्टेंबरला, बॉस्टनमध्ये झालेली ही मैफल २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातली ‘व्हाय वॉज आय बॉर्न’ ही रचना ऐकताना पुन्हा हातावर मात्रा मोजून पाहावी.