पक्कड घ्यायला जाताना तार सोबत न्या

मी तार आणि मण्यांचे दागिने करते. माझी पहिली मोठी ऑर्डर म्हणजे नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीतल्या काकूंची. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून कानातल्यांचे 40 जोड. दिले, पैसे मिळाले, मी हवेत. आठवड्याने काकू जिन्यात भेटल्या. "अगं, कानातलं सुरेख झालंय, पण ओढणीत अडकतंय. सूनबाईच्या शिफॉनचा धागाच ओढला गेला."

घरी येऊन भिंगातून बघितलं. मणी ठीक, घडण ठीक. भाग जोडणाऱ्या प्रत्येक तारेच्या कडीच्या तोंडाशी मात्र तारेचं टोक पाचरीसारखं निमुळतं, बोट फिरवलं तर टोचणारं. दोष कटरचा होता, आणि तो कटर मी गुलाबी मुठींच्या आठ नगांच्या स्वस्त संचातून घेतला होता.

साधा कटर तार दोन्ही बाजूंनी चेपून तोडतो, त्यामुळे दोन्ही टोकांना धार येते. फ्लश कटरच्या पात्यांची एक बाजू सपाट असते. त्या बाजूचं टोक जवळजवळ सरळ कापलं जातं, दुसऱ्या बाजूचं निमुळतंच राहतं. म्हणून सपाट बाजू नेहमी दागिन्याकडे ठेवायची आणि कडी करताना तारेची दोन्ही टोकं वेगवेगळी कापायची, मधे कटर उलटा धरून. आता माझ्या शिकाऊ मुलींना मी पहिला तास हेच करायला लावते, कंटाळतात बिचाऱ्या. पैसे कमी असतील तर बाकी सगळं साधं घ्या, पण कटर चांगला घ्या. आणि त्याने मेमरी वायर, म्हणजे ओढली तरी पुन्हा गोल होणारी बांगड्यांची तार, कधीही कापू नका. ती कडक पोलादी असते, एका कापातच पात्यावर खाच पडते. तिच्यासाठी घरातला जाडजूड कटर वेगळा ठेवा.

कटरनंतर एक गोल तोंडाची पक्कड, आणि चपट्या निमुळत्या तोंडाच्या दोन. दोन का, हे नवीन माणसाला पटत नाही. कडी उघडायची म्हणजे तोंडाची दोन्ही टोकं धरून एक पुढे, एक मागे सरकवायची. बाजूला फाकवली की तिचा गोल आकार जातो, मग बंद केली तरी फट राहते. एका हातात पक्कड आणि दुसऱ्यात नखं, असं मी वर्षभर केलं. नखांचं काय झालं ते विचारू नका.

बाबांच्या हत्यारांच्या पेटीतली पक्कड चालेल का, हा प्रश्न हमखास येतो. नाही चालणार. तिच्या जबड्यात दाते असतात, नट घट्ट धरायला. सोनेरी पॉलिशचा थर फार पातळ असतो, दाते रुतले की तो उडतो आणि आतली तांबूस तार दिसते. आतून गुळगुळीत जबडाच हवा. तोही करकचून दाबला तर वळ उठतातच, त्यामुळे तार दाबायची नाही, नुसती धरायची आणि मनगट वळवायचं.

खरेदीला मी ठाण्याहून स्लो लोकलने मशीद स्टेशनला उतरते आणि हत्यारांच्या दुकानांची नागदेवी स्ट्रीट गाठते. ऑनलाइन स्वस्त मिळत असेल, पण पक्कड हातात धरल्याशिवाय कळत नाही. पर्समध्ये तारेचे दोन तुकडे असतात, एक जाड, एक केसासारखा. पक्कड मिटून उजेडासमोर धरायची. टोकाशी फट दिसली तर परत. मग बारीक तार अगदी टोकात धरून ओढायची. निसटली तर परत. दोन्ही मुठी धरून आडव्या हलवायच्या. सांध्यात खेळ जाणवला तर परत. दुकानदार म्हणतो, "मॅडम, सगळ्या सारख्याच." म्हणू दे. स्प्रिंगही तपासा. ती फार कडक असली की शंभर कड्यांनंतर अंगठ्याचा सांधा ठणकतो.

तार मागताना गेज, म्हणजे जाडीचा नंबर, नको, मिलिमीटर सांगा. ब्रिटिश मापात 20 गेज म्हणजे 0.91 मिमी, अमेरिकन मापात 0.81. परदेशी व्हिडिओ बघून 20 गेज मागायचं आणि मग मण्यात तार का जात नाही म्हणून डोकं धरून बसायचं, हे माझंही झालंय.

गोल पक्कड टोकाकडे निमुळती होत जाते, म्हणून तारेचा प्रत्येक गोल फासा वेगळ्या मापाचा होतो आणि जोडीतलं एक कानातलं लांब लटकतं. जबड्यावर मार्करने रेघ मारा, तार नेहमी त्याच रेघेवर गुंडाळा. वाकड्या तोंडाची पक्कड काहींना लागतेच, माझी ड्रॉवरमध्ये पडून आहे. नायलॉनच्या जबड्याची नंतर घेतली तरी चालते. वाकलेली तार तिच्यातून ओढली की सरळ होते.

जुलैत ठाण्याच्या हवेत उघड्यावर ठेवलेल्या पकडीला गंज चढतो. सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडायचा, नीट पुसायचा, नाहीतर तेल मोत्यांना लागतं. मग घट्ट झाकणाच्या डब्यात, बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत.

काकूंच्या मदतीने 31 जोड परत मिळाले. नखांच्या कानशीने एकेक टोक घासून दिलं. उरलेले नऊ अजून कुणाकुणाच्या ओढण्या ओढत असतील.