पेक्सचं काम शिकताय? रिंग मागण्याआधी पाइपवरची ओळ वाचा

कोल्हापुरात प्लंबिंगला लागलेली बहुतेक पोरं सीपीव्हीसीवर (कडक प्लास्टिकच्या पाइपवर) हात बसवून येतात. पाइप कापला, सोल्युशन लावलं, दाबून धरलं, जोड तयार. पेक्स म्हणजे लवचिक प्लास्टिकचा (क्रॉसलिंक्ड पॉलिथिलीनचा) पाइप, त्याला सोल्युशन चिकटतच नाही. तिथं सगळा भरवसा रिंग पाइपला फिटिंगवर किती नेमकी आवळते यावर. म्हणून पाइप, फिटिंग, रिंग आणि आवळायचं हत्यार चारही एकमेकांना चालणारं हवं.

लक्ष्मीपुरीतल्या दुकानात जाऊन नुसतं ‘अर्धा इंची पेक्सचं फिटिंग द्या’ म्हणू नका. पाइपचा तुकडा बरोबर न्या आणि त्यावर छापलेली ओळ वाचा. अमेरिकी मापाचा अर्धा इंची पेक्स बाहेरून १५.९ मिमी असतो, युरोपीय मापाचा १६ × २ हा १६ मिमी. हातात धरून फरक कळणारच नाही. पण फिटिंग बसतं पाइपच्या आत, आणि आतून पहिला साधारण १२.३ तर दुसरा १२ मिमी. एवढ्या फरकानं जोड आज कोरडा दिसतो आणि फरशी बसल्यावर पाझरतो. पाऊण इंचाला ही भीती कमी: २२.२ आणि २० मिमी डोळ्यांनाच वेगळे दिसतात.

तांब्याची क्रिंप रिंग (जबड्यानं चारही बाजूंनी दाबायची) आणि स्टेनलेसचा कानवाला क्लॅम्प (कान चिमटून आवळायचा) या दोन्ही एकाच प्रकारच्या खाचांच्या फिटिंगवर चालतात. पितळी असेल तर त्यावर एएसटीएम (अमेरिकी मानक) एफ १८०७, प्लास्टिकचं असेल तर एफ २१५९. हत्यारं मात्र वेगळी. एफ १९६० लिहिलेलं फिटिंग पाइप फुगवून बसवायचं असतं, त्याची रिंगही पेक्सचीच. त्यावर क्लॅम्प मारायचा नाही. पाइपवरचं ए, बी, सी म्हणजे प्रत नव्हे, बनवण्याची पद्धत. फुगवायच्या जोडाला ‘ए’ घ्या.

नवख्यानं क्लॅम्पपासून सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. एकच हत्यार ३/८ इंचापासून एक इंचापर्यंत चालतं आणि गिझरमागच्या अडचणीतही तोंड घालता येतं. क्रिंपला मापागणिक जबडा लागतो. पण तिथं गेज (माप तपासायची पट्टी) लावून रिंग बरोबर दाबली की नाही हे लगेच कळतं, ही मोठी सोय आहे. रिंग कुठलीही असो, पाइपच्या टोकापासून ३ ते ६ मिमी आत ठेवा. चुकीची बसली तर पुन्हा आवळू नका, काढून टाका आणि नवी घ्या. मोटारीच्या होजला लावतात तो स्क्रूचा क्लॅम्प इथं अजिबात नको.

मधे ॲल्युमिनियमचा थर असलेला कॉम्पोझिट पाइप आपल्याकडं बराच दिसतो. तो साधा पेक्स समजू नका. त्याचं फिटिंग त्याच पाइपचं घ्या. टोक रिमरनं (पाइपची कड साफ करायच्या हत्यारानं) गोल केलं नाही तर फिटिंगवरची रबरी ओ-रिंग कापली जाते.

सोलरच्या घरात आणखी एक बघा. पेक्सची नेहमीची मर्यादा ८२ अंश सेल्सिअसला १०० पीएसआय (दाबाचं माप). उन्हाळ्यात पाणी न वापरता राहिलं तर सोलर त्याच्या पुढं जाऊ शकतो, शिवाय गच्चीवरचं ऊन पेक्सला सोसत नाही. गच्चीवरून खाली येईपर्यंत धातूचा पाइप ठेवा, गरम पाण्यावर मिक्सिंग व्हॉल्व्ह (थंड पाणी मिसळून तापमान आवरणारा) बसवा आणि पेक्स घरात शिरल्यावरच सुरू करा. भिंतीतला चर बुजवण्याआधी टेस्टिंग पंपानं दाब देऊन प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवा.