मोंढा, घरं आणि पाणी : विकास आराखड्याचा मेळ कसा घालायचा

शहराचा विकास आराखडा, म्हणजे कुठली जमीन कशासाठी हे ठरवणारा नकाशा, निघाला की ज्याची त्याची नजर आपल्या शेतावर असते : पिवळ्या (म्हणजे घरांच्या) पट्ट्यात आलं का? पण मराठवाड्यात पिवळा पट्टा किती वाढवायचा हे आधी पाण्यावर ठरवा. एक हेक्टर घ्या. १० टक्के खुली जागा आणि सुमारे ३० टक्के रस्ते वजा करा. उरलेल्या ६,००० चौ. मीटरमध्ये २० बाय ३० फुटांचे साधारण १०७ प्लॉट बसतात. घरटी पाच माणसं आणि माणशी १३५ लिटर धरले, तर रोज ७२ हजार लिटर पाणी लागेल. तेवढं पाणी योजनेत नसेल तर पट्टा लांबवू नका. तिथे टँकरच येईल. उलट पट्टा फारच आखडला तर लोक हिरव्या (म्हणजे शेतीच्या) पट्ट्यात गुंठेवारीचे, म्हणजे मंजुरीशिवाय शेत तोडून पाडलेले, प्लॉट घेतात, आणि तिथे नाली-रस्ता मागाहून घालणं फार महाग पडतं.

दुकानं घरांपासून तोडू नका. छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडी बाजारासारखं खाली दुकान, वर घर चालतं. मात्र समोरचा रस्ता किमान १२ मीटर आणि पार्किंग प्लॉटच्या आत हवं. आडत, गोदामं, वेल्डिंगची दुकानं यांना वेगळी जागा द्या, ट्रक थेट बायपासवरून येतील अशी. महामार्गालगत नुसती व्यापारी पट्टी रंगवली आणि सर्व्हिस रोड दाखवला नाही, तर प्रत्येक दुकानाचं तोंड महामार्गावर उघडतं आणि बायपासचाच बाजार होतो. मोंढा, म्हणजे धान्याचा घाऊक बाजार, बाहेर हलवणार असाल तर जुन्या जागेचं काय, तेही त्याच आराखड्यात लिहा. सगळी जागा गाळ्यांना देऊ नका. भाजी मंडई आणि वाहनतळ शहराच्या मध्यात पुन्हा मिळत नाहीत.

शाळा-मैदानाची आरक्षणं पालिकेला पेलतील तेवढीच टाका. १९६६च्या नगररचना कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे १० वर्षांत जागा घेतली नाही आणि मालकाच्या नोटिशीनंतर २४ महिन्यांतही संपादनाचं पाऊल पडलं नाही, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. मग मैदानावर इमारत उभी राहते आणि ती कायदेशीर असते.

आराखड्यावरची हरकत तोंडी सांगू नका. याच कायद्याच्या कलम २६ च्या नोटिशीतल्या मुदतीत लेखी द्या; गट नंबर, भाग नकाशा आणि पर्यायी जागा त्यातच दाखवा. पोच घ्या आणि सुनावणीला स्वतः हजर राहा.