स्लॅबवर पाणी आहे तोवर थापी खाली ठेवा

जमिनीवर टेकलेला काँक्रीटचा स्लॅब बिघडला की पहिला राग सिमेंटवर निघतो. मी आजवर जेवढे बिघडलेले स्लॅब फोडले, त्यांत सिमेंट खराब निघाल्याचं फारसं आठवत नाही. गडबड जवळजवळ नेहमी पाण्याची असते आणि बऱ्याचदा ती ओतकामानंतरच्या पहिल्या काही तासांतच झालेली असते. म्हणून बाकीचे टप्पे भराभर सांगतो आणि त्या तासांपाशी थांबतो.

हे सगळं एकमजली, हलक्या बांधकामाबद्दल आहे: मधे १०० मिमी जाडीचा स्लॅब आणि भिंतीखाली बीमसारखा खोल, रुंद काठ. खालची माती ओली झाल्यावर फुगणारी आणि सुकल्यावर भेगाळणारी असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून डिझाइन करून घ्या. तिथे अंदाजपंचे काम चालत नाही.

भराव आणि तळ

वरची मऊ, मुळ्यांची माती पूर्ण काढा. भराव मुरमाचा, १५० मिमीच्या थरांत, प्रत्येक थर ओलसर करून प्लेट कॉम्पॅक्टरनं दाबायचा. ‘पाणी सोडून ठेवा, भराव आपोआप बसेल’ असं सांगणारे भेटतील. मुरमात पाणी सोडलं की आत चिखल होतो, वरून सुकलेला दिसतो आणि स्लॅब पडल्यावर महिनोन्‌महिने खचत राहतो. ओल किती हवी ते हाताला कळतं. मूठभर मुरूम आवळा. गोळा वळला पाहिजे आणि कमरेच्या उंचीवरून सोडला की त्याचे दोन-चार तुकडे झाले पाहिजेत. भुगा झाला तर पाणी कमी आहे, चपटा होऊन चिकटला तर जास्त.

त्यावर १०० मिमी खडी दाबून, तिची टोकं झाकण्यापुरती बारीक कच, मग २५० मायक्रॉनचा पॉलिथिनचा कागद. जोडाच्या ठिकाणी कागद ३०० मिमी एकमेकांवर चढवा आणि टेप मारा. खालून जाणारे नळ असतील तर त्यांना दाब देऊन गळती तपासा. नंतर गळती सापडली तर स्लॅब फोडण्यावाचून इलाज नाही.

सळई

साध्या स्लॅबला ८ मिमीची जाळी २०० मिमी अंतरानं. काठाच्या बीममधली सळई मात्र नकाशाप्रमाणेच. आकुंचनाच्या भेगा वरून उघडतात, म्हणून जाळी वरच्या तिसऱ्या हिश्श्यात हवी, वरून साधारण ४० मिमी खाली. ‘जाळी खाली पसरा, ओतता ओतता आकड्यानं वर ओढू’ असं कोणी म्हणालं तर काम थांबवा. ओढलेली जाळी माणसाचा पाय पडताच परत तळाला जाते आणि तळाला गेलेली जाळी या भेगांच्या काहीच कामाची नाही. जाळीखाली खुर्च्या, म्हणजे तिला उचलून धरणारे छोटे आधार, लावा, एवढ्या जवळ की जाळीवर उभं राहिलं तरी ती झुकू नये. इमारतीचा आकार आत वळतो त्या कोपऱ्यांपाशी १२ मिमीच्या दोन सळया तिरप्या टाका, तिथून तिरका तडा जातोच. खांबाभोवती १० मिमीची फिलर पट्टी (फटीत बसवायची, दबणारी मऊ पट्टी) लावून स्लॅब खांबापासून सुटा ठेवा.

ओतकाम

५० किलोच्या एका गोणीला २५ लिटर पाणी, वाळूत असलेली ओल धरून. त्याहून जास्त नाही. माल घट्ट वाटला तर प्लास्टिसायझर (पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन) वापरा, पाण्याचा पाइप नको. काठाच्या बीममध्ये व्हायब्रेटर नीट चालवा, मग अॅल्युमिनियमच्या लांब पट्टीनं लेव्हल करा.

आणि आता हात आवरा

पट्टी फिरवून झाली की थोड्या वेळानं पृष्ठभागावर पाणी चढायला लागतं. खडी, वाळू, सिमेंट जड, ते खाली बसतात. पाणी हलकं, ते वर येतं. यात काही बिघडलेलं नाही. बिघडतं ते माणूस मधे पडला की.

सर्वांत जुनी आणि सर्वांत वाईट सवय म्हणजे त्या पाण्यावर कोरडं सिमेंट भुरभुरायचं आणि लगेच घोटायचं. पाणी शोषलं जातं, पृष्ठभाग छान हिरवट-करडा दिसतो, मालक खूश होतो. पण वर तयार झालेली साय खालच्या काँक्रीटपासून वेगळी असते. ती वेगळी आकसते, बारीक जाळीसारखी तडकते आणि पुढे तिचे पापुद्रे सुटतात. सिमेंट न टाकता पाण्यातच थापी मारली तरी नुकसान होतं. ते पाणी वरच्या दोन-तीन मिलिमीटरमध्ये कालवलं जातं, तो थर कमकुवत होतो आणि स्लॅब झाडताना कायम पांढरी धूळ निघत राहते. पाणी साचलंच असेल तर रबरी पाइपचा लांब तुकडा दोघांनी दोन टोकांना धरून पृष्ठभागावरून हलकेच ओढा. पाणी कडेला निघून जातं आणि काँक्रीटला धक्का लागत नाही.

मी मात्र या दोन्हींमुळे फसलो नव्हतो. मला वाऱ्यानं फसवलं. भर दुपारचं ओतकाम, कोरडा वारा. अर्धा तास झाला, तास झाला, वर पाणी दिसेचना. पृष्ठभागाची चमक गेली होती, बोट लावलं तर कोरडं लागत होतं. तयार आहे असं समजून लोखंडी थापी मारली आणि आरशासारखा स्लॅब काढला. दोन-अडीच महिन्यांनी दाराजवळ चालताना टाचेखाली पोकळ आवाज आला. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक घालून उचललं तर तळहाताएवढा, ३ मिमी जाडीचा तुकडा अलगद हातात आला. त्याची खालची बाजू गुळगुळीत होती, जणू काही ती कधी कशाला चिकटलीच नव्हती. तसे तुकडे मग खोलीभर निघाले.

झालं होतं असं की खालून येणारं पाणी वर येताक्षणी वारा उडवून नेत होता, म्हणून ते दिसत नव्हतं. आतून येणं थांबलं नव्हतंच. मी थापीनं वरची भोकं बंद केली आणि ते पाणी, सोबतची हवा, त्या कातडीखाली अडकून राहिली. म्हणून सांगतो, डोळ्यांवर विश्वास ठेवू नका आणि ‘दोन तासांनी घोटा’ म्हणणाऱ्यावर तर मुळीच नको. वेळ हवेवर, सिमेंटवर आणि जमिनीच्या थंडाव्यावर ठरते, घड्याळावर नाही.

मी आता दोन परीक्षा घेतो. हातभर पॉलिथिनचा तुकडा एका कोपऱ्यात अंथरायचा आणि पंधरा मिनिटांनी उचलायचा. खाली पाणी चकाकलं तर अजून थांबायचं. कोरडं असेल तर बुटानिशी स्लॅबवर उभं राहायचं. ठसा ५-६ मिमी खोल उमटला आणि त्यात पाणी जमलं नाही, तर लाकडी रंधा (गवंड्याची सपाट लाकडी थापी) फिरवायला हरकत नाही. लोखंडी थापी त्याच्याही नंतर, ठसा जेमतेम दिसेल तेव्हा. तीही आधी सपाट धरून. पहिल्याच हाताला तिरपी धरून दाब दिला की कातडी बंद झालीच.

वाऱ्याचा दुसरा त्रास म्हणजे ओल्या काँक्रीटवर पडणाऱ्या भेगा. पृष्ठभागावरून दर चौरस मीटरला तासाला १ किलोच्या आसपास पाणी उडायला लागलं की हा धोका मोठा. पहाटे ओता, वाऱ्याच्या बाजूला ताडपत्रीचा आडोसा उभा करा, हाताशी धुक्यासारखा फवारा ठेवा. फवारा हवेतली ओल वाढवायला आहे. त्याचं पाणी स्लॅबमध्ये घोटायचं नाही.

सांधे आणि क्युरिंग

स्लॅब आकसताना तडा ठरवलेल्या रेषेतच जावा म्हणून सांधे कापायचे. १०० मिमीच्या स्लॅबला २५ मिमी खोल काप, अडीच ते तीन मीटरवर, चौकोन शक्यतो समभुज. कटरच्या पात्यानं कडेची खडी उखडेनाशी झाली की लगेच कापायचं. उन्हाळ्यात ही वेळ चार-पाच तासांत येते. ‘उद्या सकाळी कापू’ म्हणालात तर सकाळी तडा आधीच तिथे असतो, आणि तो तुमच्या दोरीच्या खुणेवर नसतो.

क्युरिंग म्हणजे काँक्रीट ओलं ठेवणं. आळी करून पाणी साठवा किंवा ओलं गोणपाट प्लास्टिकनं झाकून ठेवा. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, फ्लाय अॅश (कोळशाची बारीक राख) किंवा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) असलेल्याला १० दिवस.

जुन्या स्लॅबची दुरुस्ती

तडा दिसला की लगेच भरू नका. त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं रेघ मारून तारीख लिहा, मधे रुंदी मोजून ठेवा आणि पावसाळा व कोरडा हंगाम दोन्ही जाऊ द्या. तड्यावर सरळ पट्टी आडवी ठेवा. एक बाजू खाली असेल तर प्रश्न तड्याचा नाही, खालच्या भरावाचा आहे.

०.३ मिमीपेक्षा बारीक आणि न वाढणारा तडा तसाच राहू द्या. रुंद पण स्थिर असेल तर इपॉक्सी (आत कडक होणारं चिकट रसायन) इंजेक्शननं भरा, तेही तडा आतून कोरडा आणि स्वच्छ असेल तरच. हलणाऱ्या तड्यात इपॉक्सी किंवा सिमेंट भरणं हा पैशाचा निव्वळ नाश आहे, कारण शेजारी नवा तडा पडतो. तिथे खाच पाडून पॉलियुरेथेनचा लवचीक सीलंट भरा.

पापुद्रे सुटत असतील तर जमिनीवरून लोखंडी साखळी ओढत चाला. पोकळ वाजेल तिथे खडूनं खूण करा, त्याभोवती कटरनं सरळ उभी कड कापा आणि घट्ट काँक्रीट लागेपर्यंत छिलून काढा. जागा भिजवून वरचं पाणी टिपून घ्या आणि रिपेअर मॉर्टर दाबून भरा. कडेला शून्यावर नेलेला पातळ थर टिकत नाही, म्हणून ती उभी कड हवीच.

खचलेला स्लॅब उचलण्याआधी पाणी कुठून येतं ते शोधा: गळका नळ, छताचं पाणी पायाशीच सोडणारा पाइप, घराकडे झुकलेली जमीन. भिंतीपासूनच्या पहिल्या ३ मीटरमध्ये जमिनीला बाहेरच्या बाजूला १५० मिमी उतार द्या. त्यानंतरच स्लॅबला भोकं पाडून खालची पोकळी ग्राउटनं, म्हणजे पंपानं आत दाबायच्या सिमेंटच्या पातळ मिश्रणानं, भरायची. उचलताना एका भोकात थोडं, मग दुसऱ्यात थोडं, एका वेळी एक-दोन मिलिमीटर, आणि एका माणसाची नजर सतत भिंतींवर. भिंतीत तिरके तडे असतील किंवा दारं चौकटीत अडकत असतील तर पंप सुरूच करू नका. काठाचा पाया बसतो आहे आणि त्याला इंजिनिअरच्या देखरेखीखाली खालून आधार द्यावा लागेल.

उचलून झाल्यावर पेन्सिलीच्या खुणा पुसू नका. पुढच्या पावसाळ्यानंतर त्या परत मोजा आणि मगच वर फरशी बसवा.