३० मीटर स्प्रिंट टेस्ट: मोबाईलवर अचूक वेळ कशी घ्यावी

नाशिकचं नाव लांब पल्ल्याच्या धावण्यात झालं. कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक जिंकलं, ते इथल्या प्रत्येक मैदानावर आजही सांगितलं जातं. त्या अंतराच्या सरावाला साधं स्टॉपवॉच पुरतं. सेकंदाचे दोन-तीन दशांश इकडेतिकडे झाले तर काही बिघडत नाही. पण तीच सवय घेऊन लोक ३० मीटरची वेळ घेतात आणि तिथे सगळा घोळ होतो.

३० मीटर हा चार-पाच सेकंदांचा मामला. कबड्डी किंवा खो-खोच्या मुलाने दोन महिने मन लावून सराव केला आणि वेळ एका दशांशाने उतरली, तर ती चांगली प्रगती मानायची. आता स्टॉपवॉचवाल्याकडे बघा. सुरुवातीला इशारा दिसल्यावर बटण दाबायला त्याला दोनेक दशांश लागतात. शेवटी मात्र मुलगा समोरून येताना दिसतच असतो, त्यामुळे अंगठा वेळेवर, कधी आधीच पडतो. वेळ कमी भरते आणि सगळे खूश होतात. ‘मग त्यात ०.२४ मिळवा’ असं सांगणारे भेटतात. मला हा सल्ला अजिबात मान्य नाही. तो आकडा १०० आणि २०० मीटरच्या हातवेळा, म्हणजे स्टॉपवॉचने घेतलेल्या वेळा, इलेक्ट्रॉनिक वेळांशी ढोबळ ताडून बघण्यासाठी आहे. तुमचा अंगठा दर वेळी तेवढाच चुकेल याची हमी तो देत नाही. भाजीच्या तराजूवर सोनं तोलू नये, इतकी साधी गोष्ट आहे.

वहीतला आकडा खरा वाटतो का, हे एकदा असं तपासा. २००९ साली बर्लिनमध्ये उसेन बोल्टने १०० मीटरचा ९.५८ सेकंदांचा विक्रम केला, तेव्हा त्याचे पहिले ३० मीटर ३.७८ सेकंदांत झाले होते. तुमच्याकडे नववीतल्या मुलापुढे ३.७ लिहिलेलं असेल तर ते पान फाडून टाका आणि पुढचं वाचा.

लागतं काय? सेकंदाला २४० फ्रेम, म्हणजे चित्रं, टिपणारा स्लो-मोशन असलेला मोबाईल, ट्रायपॉड, मोजपट्टी, चुना आणि दोन उभे दांडे. एवढंच.

मोबाईल आधी तपासून घ्या. काही फोन मधल्या फ्रेम स्वतःच बनवून भरतात. दुसऱ्या फोनवरचं चालू स्टॉपवॉच दहा सेकंद शूट करा आणि फ्रेम मोजा. २,४०० च्या आसपास आल्या आणि सावकाश पुढे सरकवताना चित्रं दुहेरी, पुसट दिसली नाहीत, तर फोन कामाचा. थंडीत सकाळी सहाला शूट करू नका, उजेड कमी पडतो आणि धावणारा नुसता धूसर पट्टा दिसतो. फ्लडलाइटखाली चित्र लुकलुकतं. आठनंतरचं ऊन सगळ्यात बरं.

३० मीटर मोजपट्टीने आखा, पावलांनी नाही.

आता दांडे. माझा सर्वांत जास्त वेळ याच टप्प्याने खाल्ला आणि बहुतेक लोक नेमका हाच टप्पा उडवतात. फोन १५ मीटरच्या खुणेसमोर, धावरेषेला काटकोनात, साधारण १८ मीटर लांब ठेवायचा, म्हणजे वाइड लेन्सने सुरुवात आणि शेवट दोन्ही एका चौकटीत येतात. पण मग तो दोन्ही टोकांकडे तिरका बघतो. धावणाऱ्याला लागू नये म्हणून दांडा आपण रेषेपासून मीटरभर कॅमेऱ्याकडे रोवतो. तो ३० मीटरच्या खुणेच्या अगदी सरळ पुढे रोवलात, तर स्क्रीनवर मुलगा दांड्याशी पोचल्याचं दिसतं तेव्हा प्रत्यक्षात तो रेषेच्या ८८ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. सेकंदाला आठ मीटरच्या वेगात हा सरळसरळ ०.११ सेकंदाचा फरक आहे. दोन महिन्यांची मेहनत एका दांड्याने गिळली.

यावर उपाय हिशेबाचा नाही, नजरेचा आहे. एका मुलाला ३० मीटरच्या रेषेवर, तो धावणार त्याच पट्ट्यात, सरळ उभा करा. एकाने फोनच्या स्क्रीनवर बघायचं, दुसऱ्याने दांडा सरकवायचा. ‘आत घे, अजून आत, थांब!’ दांडा मुलाच्या कमरेवर बरोबर आला की तिथेच ठोका. वरच्या मापांना तो खुणेच्या ८३ सेंटिमीटर आत, म्हणजे सुरुवातीच्या बाजूला येतो. लोकांना हे चुकीचं वाटतं आणि कुणीतरी जवळ जाऊन दांडा ‘नीट’ करतं. करू देऊ नका. मध्येच फोनला धक्का लागला तर हे सगळं पुन्हा करायचं, कंटाळा केलेला चालणार नाही. दुसरा दांडा १५ मीटरवर तसाच लावला तर निम्म्या अंतराची वेळही मिळते. मधल्या दांड्याला तिरकेपणाची अडचण नाही, कारण तो कॅमेऱ्याच्या थेट समोर असतो.

सुरुवात शिट्टीवर नको. शिट्टीवर तुम्ही कान मोजता, पाय नाही. मुलाने एक हात जमिनीला टेकवून, मनाला येईल तेव्हा निघायचं. टेकवायचा तो हात कॅमेऱ्याकडचा, मनगटावर पांढरा टेप. बोटं जमिनीवरून सुटली ती पहिली फ्रेम म्हणजे शून्य, आणि कंबर दांड्यावर आली ती फ्रेम म्हणजे शेवट. छाती, डोकं, पाय यांच्याकडे बघू नका.

फ्रेमची वजाबाकी करून २४० ने भागा. १,१०४ फ्रेम भरल्या तर ४.६० सेकंद. कॉम्प्युटर असेल तर किनोव्हिया हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, फक्त त्यात चित्रीकरणाचा खरा वेग २४० आहे हे आधी भरा, नाहीतर वेळ आठपट दिसेल.

प्रत्येकाला तीन धावा, मध्ये किमान तीन मिनिटं पूर्ण विश्रांती, त्यातली सर्वोत्तम वेळ धरा. ‘रांगेत पटापट घ्या’ म्हणणाऱ्यांना वेग मोजायचा नसतो, काम उरकायचं असतं.

नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर पोलिस भरतीची मुलं मातीत एकमेकांची वेळ घेतात आणि पुढच्या महिन्यात सिंथेटिक ट्रॅकवरच्या वेळेशी ती ताडतात. पोलिस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत १०० मीटरला ५० पैकी १५ गुण आहेत. एवढं पणाला लागलेलं असताना तरी असं करू नका, पोरांनो. मैदान, बूट, दिवसाची वेळ तीच ठेवा आणि वाऱ्याची दिशा वहीत लिहा. पुढची टेस्ट सहा ते आठ आठवड्यांनी घ्या. त्या दिवशी पाऊस होऊन माती ओली असेल, तर टेस्ट पुढे ढकला आणि मुलांना नेहमीचा सराव द्या.