जिऱ्यासाठी मोइना घरीच वाढवा

रोहू-कटला माशांचं जिरं, म्हणजे अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं, आणायच्या निदान दहा दिवस आधी मोइनाचा (पाण्यातला ठिपक्याएवढा जिवंत किडा, जिऱ्याचं खाद्य) ड्रम लावा, बरेच जण आधी जिरं आणतात आन मग खाद्य शोधत फिरतात. जिऱ्याच्या पोटाखालची पिवळी पिशवी साधारण तिसऱ्या दिवशी संपते, मग त्याला तोंडात मावेल असं हलणारं काहीतरी लागतं. अंड्याचा बलक दिला तर अर्धा तळाला बसून पाणी सडवतो, मोइना मात्र खाल्ला जाईपर्यंत जिवंत राहतो.

200 लिटरचा निळा प्लास्टिकचा ड्रम लिंबाच्या सावलीत ठेवा, वरून मच्छरदाणी बांधा नायतर डासाच्या अळ्या होतात. पाणी विहिरीचं घ्या. मागच्या वर्षी पाऊस लांबला म्हणून मी टँकरचं पाणी तसंच ओतलं, त्यात टीसीएल (ब्लीचिंग पावडर) होतं, संध्याकाळी बघतो तर सगळा मोइना तळाला मरून पडलेला, लै जीव तुटला. तसलं पाणी दोन-तीन दिवस उघडं ठेवूनच वापरा.

माझं माप असं, 150 ग्रॅम वाळलेलं शेण आन 30 ग्रॅम भुईमुगाची पेंड रात्रभर भिजवायची, फडक्यातून गाळून तेवढंच पाणी ड्रममध्ये सोडायचं. तीन-चार दिवसांनी वास कमी झाला की बी, म्हणजे सुरुवातीचा जिवंत मोइना, टाका. म्हशी बसतात त्या तळ्यात रात्री काठाला टॉर्च धरा, मोइना उजेडाकडं गोळा होतो, मग तो जुन्या ओढणीनं गाळून घ्या, पण चतुराच्या अळ्या निवडून काढा, त्या जिरं खातात. काचेच्या ग्लासात घेऊन उन्हाकडं धरलं की ठिपके झटके देत उड्या मारताना दिसतात, मादीच्या पाठीत पिल्लंसुद्धा दिसतात. पिल्लू चार-पाच दिवसांत स्वतः वितं आन नराची गरजच पडत नाही, म्हणून आठवड्यात ड्रम भरतो.

मोइना लालसर दिसायला लागला तर ऑक्सिजन कमी पडायलाय समजा, पेंडीचं पाणी थांबवा आन हवेची नळी सोडा, पण नळीच्या टोकाला बुडबुडे काढणारा दगड लावू नका, बारीक बुडबुडे कवचात अडकून तो वर तरंगतो न मरतो.

रोज पाव भागच काढा, स्वच्छ पाण्यात धुवा. सुरुवातीचे दिवस जरा मोठ्या जाळीच्या फडक्यातून गाळा, खाली पडतील ती बारीक पिल्लंच जिऱ्याला द्या, मोठे परत ड्रममध्ये. आन ड्रम दोन लावा, पाच दिवसांच्या अंतरानं, एकातला मोइना कधी एकदम मरून बसेल सांगता येत नाही आन जिरं तोवर थांबत नाही.